कपाटात ठेवलेला मास्क खराब का होतो?

दिवाळीत उंबऱ्याशी उठवतात तो रांगोळीचा छाप डोळ्यांसमोर आणा. त्याच्या एका भोकात दमट रांगोळीची गुठळी अडकली, की त्या छापानं उठणाऱ्या प्रत्येक फुलाची तीच पाकळी नाहीशी होते. चिमटीनं काढलेल्या रांगोळीतली चूक एका अंगणापुरती राहते. छापातली चूक दारोदार जाते. चिपच्या कारखान्यात, म्हणजे फॅबमध्ये, छापाचं हे काम काचेची एक चौकोनी पाटी करते. तिला मास्क म्हणतात. नक्षी छापणाऱ्या यंत्रावर, म्हणजे स्कॅनरवर, काम करणारे तिलाच रेटिकल म्हणतात.

ही पाटी ६ इंच लांब, ६ इंच रुंद आणि पाव इंच जाड असते, म्हणजे १५२ बाय १५२ बाय ६.३५ मिलिमीटर. काच अतिशुद्ध सिलिकाची. तिच्या एका अंगावर क्रोमच्या किंवा मॉलिब्डेनम-सिलिसाइडच्या पातळ थरात चिपच्या एका पातळीची नक्षी कोरलेली असते. स्कॅनर तिच्यातून प्रकाश पाठवतो आणि नक्षी चौपट लहान होऊन सिलिकॉनच्या पातळ चकतीवर, म्हणजे वेफरवर, उमटते. एका ठशाचं क्षेत्र जास्तीत जास्त २६ बाय ३३ मिलिमीटर. ३०० मिलिमीटरच्या वेफरवर असे ऐंशीच्या आसपास ठसे बसतात आणि एका लॉटमध्ये २५ वेफर असतात. म्हणजे मास्कच्या नक्षीवर नको तिथे बसलेला एक कण एका लॉटमध्ये सुमारे दोन हजार वेळा छापला जातो. ठशात एकच मोठी चिप असेल, तर त्या लॉटमधली एकही चिप वाचत नाही.

आघाडीच्या चिपला असे सत्तर-ऐंशी मास्क लागतात आणि अशा एका संचाची किंमत कोट्यवधी रुपयांत जाते. अनेक ग्राहकांसाठी चिप बनवणाऱ्या फॅबकडे हजारो मास्क जमा होतात. त्यातले कोणत्याही क्षणी स्कॅनरमध्ये असणारे मोजकेच, बाकी सगळे कपाटात. मास्कच्या आयुष्याचा मोठा भाग वाट पाहण्यात जातो, आणि नुकसान होण्याचा बराचसा धोका याच काळात असतो. लोखंडी कपाटात घडी करून ठेवलेल्या जुन्या पैठणीची चांदीची जरतार कुणी न वापरताही काळी पडते, हे अनेक घरांत पाहिलेलं आहे. हवेतलं गंधक आणि दमटपणा एवढं त्याला पुरतं. मास्कचं तसंच आहे. म्हणून साठवण ही कामातली विश्रांती समजू नये. तीही उत्पादनातली एक प्रक्रिया आहे आणि तिला तापमान, आर्द्रता, वायुप्रवाह, वेळ अशा सगळ्या मर्यादा लागू होतात.

काचेवर उगवणारे स्फटिक

पहिला शत्रू धूळ, असं सगळ्यांना वाटतं. धुळीचा बंदोबस्त मात्र बऱ्यापैकी झालेला आहे. मास्कच्या नक्षीपासून सुमारे ६ मिलिमीटर अंतरावर चौकटीत ताणून बसवलेला एक पारदर्शक पडदा असतो, त्याला पेलिकल म्हणतात. त्याची जाडी एका मायक्रॉनहून कमी. धूळ त्याच्यावर पडली, तर ती स्कॅनरच्या फोकसच्या बाहेर राहते आणि लहान कण वेफरवर उमटत नाहीत. कपाटातल्या हवेसाठी यूएलपीए फिल्टर असतात. ०.१२ मायक्रॉनचे कण ते ९९.९९९ टक्के अडवतात. मास्कच्या अशा कपाटाला स्टॉकर म्हणतात. चांगल्या स्टॉकरच्या आतली हवा आयएसओ वर्ग १ ची असते, म्हणजे एका घनमीटर हवेत ०.१ मायक्रॉन किंवा त्याहून मोठे जास्तीत जास्त १० कण.

कणांचा फिल्टर रेणू मात्र अडवू शकत नाही. अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, पाण्याची वाफ, प्लास्टिकमधून आणि डिंकातून सुटणारे सेंद्रिय वायू हे सगळे त्यातून आरपार जातात. पेलिकलही त्यांना थोपवू शकत नाही, कारण त्याच्या चौकटीला हवेचा दाब समान राहावा म्हणून एक बारीक भोक ठेवावं लागतं. भोकाला फिल्टर असतो, पण तोही कणांसाठीच.

या रेणूंपासून जे तयार होतं त्याला या क्षेत्रात हेझ म्हणतात. शब्दाचा अर्थ धुकं, पण प्रत्यक्षात ते काचेवर उगवलेले सूक्ष्म स्फटिक असतात. त्यांतला सर्वांत नेहमीचा अमोनियम सल्फेट. सल्फेट येतं कुठून? मास्क धुण्याच्या जुन्या पद्धतीत सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड वापरत, त्याचा अंश काचेवर राहायचा. पेलिकलच्या ॲल्युमिनियमच्या चौकटीवर सल्फ्युरिक आम्लात ॲनोडायझिंग केलेलं असे, तिथूनही ते झिरपायचं. अमोनिया तर लिथोग्राफीच्या, म्हणजे नक्षी छापण्याच्या, दालनातच तयार होतो: वेफरवर प्रकाशाला संवेदनशील लेप, म्हणजे रेझिस्ट, नीट चिकटावा म्हणून एचएमडीएस नावाचं रसायन लावतात, ते पाण्याच्या वाफेशी भिडलं की अमोनिया सोडतं. या दोघांच्या जोडीला ओलावा आला आणि वरून १९३ नॅनोमीटरच्या लेसरचा मारा झाला, की स्फटिक धरू लागतात. आधीच्या पिढीतल्या २४८ नॅनोमीटरच्या प्रकाशाच्या एका फोटॉनमध्ये ५ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा असते. १९३ नॅनोमीटरच्या फोटॉनमध्ये ६.४. फॅब १९३ वर गेल्या तेव्हा हेझची तक्रार एकदम वाढली ती यामुळे.

हेझची वाईट गोष्ट ही, की तो पेलिकलच्या आत, थेट नक्षीवर उगवतो. पुसता येत नाही. पेलिकल उतरवा, डिंक काढा, मास्क धुवा, तपासा, नवा पेलिकल चढवा, पुन्हा तपासा, असा सगळा फेरा करावा लागतो. तोवर त्या मास्कवरचं उत्पादन थांबतं. शिवाय प्रत्येक धुण्यात नक्षीचा थर किंचित झिजतो. प्रकाशाची कला (फेज) बदलणाऱ्या मास्कमध्ये त्या थराची जाडी आणि पारदर्शकता हेच तर मोलाचं असतं, म्हणून एक मास्क मोजक्याच वेळा धुता येतो.

यावर दोन बाजूंनी उपाय झाले. धुण्यात सल्फ्युरिक आम्लाऐवजी ओझोन मिसळलेलं पाणी आलं. आणि साठवणीत ओलाव्याचीच नाकेबंदी झाली, कारण पाणी नसेल तर ही रासायनिक क्रिया फार मंदावते. म्हणून मास्क ठेवतात तिथे सतत कोरडा, शुद्ध वायू सोडतात. या कामाला सगळीकडे पर्ज हाच शब्द आहे. वायू दोन प्रकारचा: नायट्रोजन किंवा एक्ससीडीए, म्हणजे पाणी, आम्लं, अमोनिया आणि सेंद्रिय वायू जवळपास संपूर्ण काढून टाकलेली कोरडी हवा.

पर्ज किती वेळ द्यायचा, यावर बरेचदा चुकीचा हिशेब होतो. मास्क ज्या डब्यात असतो त्यातली हवा काही मिनिटांत बदलते, तेव्हा डब्यातलं आर्द्रतेचं माप खाली येतं आणि काम झालं असं वाटतं. पण खरी जागा पेलिकलखालची. चौकट सुमारे १४९ बाय ११५ मिलिमीटर आणि उंची ६ धरली, तर तिथे जेमतेम १०० मिलिलिटर हवा असते, आणि ती बाहेर पडते त्या एका बारीक भोकातून. ती बदलायला मिनिटं पुरत नाहीत, तास लागतात. दुसरीकडे डब्याचं प्लास्टिक स्वतः पाणी पिऊन बसलेलं असतं. पर्ज थांबला, की भिंतीत मुरलेलं पाणी बाहेर येऊ लागतं आणि आर्द्रता पुन्हा चढते. म्हणून मास्क स्टॉकरमध्ये असेल तोवर पर्ज अखंड चालू ठेवणं हाच शहाणपणाचा मार्ग. मधूनमधून जोरात पर्ज करण्यापेक्षा मंद आणि सतत केलेला बरा. जोराचा झोत तळाचे कण उठवतो आणि मायक्रॉनहून पातळ असलेला पेलिकल हलवतो.

न शिवता पडणारी ठिणगी

कोरडेपणा हेझवर औषध आहे, पण त्यातूनच दुसरं दुखणं निघतं. थंडीच्या कोरड्या दिवसांत स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, तीच गोष्ट इथे घडते. हवेत ओलावा नसला, की पृष्ठभागावरचा विद्युतभार निचरून जात नाही. हेझवरचा उपाय ज्यानं आखला त्यानं स्थिर विद्युतही हाताळली पाहिजे. ही कामं दोन वेगळ्या गटांकडे वाटून दिली, की हमखास गडबड होते.

मास्कची रचनाच या बाबतीत अडचणीची आहे. विजेला अजिबात वाट न देणाऱ्या काचेवर धातूची हजारो सुटी बेटं, आणि त्यांच्यामधल्या फटी मायक्रॉनहून अरुंद. जवळून एखादी भारित प्लास्टिकची वस्तू नुसती फिरली, तरी तिच्या विद्युतक्षेत्रामुळे शेजारच्या दोन बेटांमध्ये व्होल्टेजचा फरक निर्माण होतो. फरक मोठा असेल तर फटीत ठिणगी पडते आणि क्रोमची कड वितळते. फरक लहान असेल तर ठिणगी पडत नाही, पण क्रोम कडेवरून हळूहळू सरकतं आणि रेषेची रुंदी काही नॅनोमीटरनं बदलते. हे दुसरं नुकसान जास्त घातक आहे, कारण कण शोधणाऱ्या तपासणीत ते दिसत नाही आणि प्रत्येक हाताळणीत थोडंथोडं साठत जातं.

चिपच्या पायांना वाचवण्यासाठी ठरलेले नियम इथे जसेच्या तसे लावू नयेत. चिपच्या बाबतीत 'सगळं अर्थिंगला जोडा' हा सल्ला बरोबर आहे. मास्क मात्र विद्युतक्षेत्रात असताना त्याला अर्थिंग दिलं, तर त्या वाटेनं नवा भार मास्कवर चढू शकतो आणि फटींवरचा ताण उलट वाढतो. मास्कचं संरक्षण करायचं ते क्षेत्र त्याच्यापर्यंत पोहोचूच न देता. त्यासाठी डब्याला वीजवाहक कवच, रोबोटच्या वाटेवर विद्युतरोधक प्लास्टिकला पूर्ण बंदी, आणि भार निवळवणारा आयनायझर मास्कपासून पुरेसा दूर. आयनायझर स्वतः आळीपाळीनं धन आणि ऋण भार फेकतो, तेव्हा तो फार जवळ असेल तर त्याच्याच क्षेत्राचे हेलकावे मास्कवर पोहोचतात. उद्योगाची मानकं ठरवणाऱ्या 'सेमी' संघटनेनं मास्कसारख्या अतिसंवेदनशील वस्तूंसाठी ई१६३ हे स्वतंत्र मार्गदर्शन काढलं आहे. स्टॉकर विकत घेताना ते समोर ठेवून प्रश्न विचारावेत.

तापमानाचं गणित छोटं आहे, पण ते एकदा करून पाहण्यासारखं आहे. मास्कची काच एका अंशाला दहा लाखांत सुमारे अर्धा भाग प्रसरण पावते. १०० मिलिमीटरच्या नक्षीत एका अंशाच्या फरकानं ५५ नॅनोमीटर. चारनं भागल्यावर वेफरवर सुमारे १४. दोन थर एकमेकांवर बसवताना चालणारी चूक मोजक्या नॅनोमीटरची असते. सगळी पाटी सारखी फुगली तर स्कॅनर ते दुरुस्त करून घेतो, पण एक कोपरा गरम आणि दुसरा थंड असेल तर काम अवघड होतं. म्हणून स्टॉकर आणि स्कॅनर यांचं तापमान एकसारखं, २२ अंशांच्या आसपास, आणि मोटारींची उष्णता मास्कपासून लांब.

डबा आणि कपाट

१९८० च्या दशकात ह्यूलेट-पॅकार्डमध्ये मिहिर पारिख यांच्या नेतृत्वाखालच्या गटानं एक साधी पण दूरगामी कल्पना मांडली: अख्खी खोली अतिस्वच्छ ठेवण्यापेक्षा वस्तूभोवतीचा छोटा डबा अतिस्वच्छ ठेवा, आणि तो डबा फक्त यंत्राच्या तोंडाशीच उघडा. तिला स्मिफ म्हणतात. पारिख यांनी पुढे ॲसिस्ट टेक्नॉलॉजीज ही कंपनी काढून ती बाजारात आणली. मास्कसाठी आज वापरला जाणारा डबा, म्हणजे पॉड, याच कल्पनेतला. त्याचं दार तळाला असतं. यंत्राच्या लोड पोर्टवर पॉड बसला की पोर्ट दाराची कुलपं फिरवतो आणि दार मास्कसकट खाली उतरवतो. पॉडचं कवच वर तसंच झाकलेलं राहतं. दाराच्या बाहेरच्या अंगावरची धूळ पोर्टच्या झाकणाशी चिकटून दोन्हींमध्ये अडकते, मास्कपर्यंत जात नाही.

असे शेकडो पॉड ज्या बंद यंत्रात ठेवतात तो स्टॉकर. त्याचे दोन प्रकार आहेत, आणि निवड करताना बराच खल होतो. पहिल्या प्रकारात मास्क पॉडसकट ठेवतात. प्रत्येक फळीवर पर्जची तोटी असते आणि ती पॉडच्या तळातल्या भोकाला लागते. मास्क पॉडबाहेर येतच नाही, हाताळणी कमी. पण जागा खूप लागते आणि जितके मास्क तितके पॉड विकत घ्यावे आणि धुवावे लागतात. दुसऱ्या प्रकारात स्टॉकरचा रोबोट मास्क पॉडमधून काढून नुसता फळीवर ठेवतो आणि सगळं दालनच कोरड्या वायूनं भरलेलं असतं. थोड्या जागेत कितीतरी जास्त मास्क मावतात आणि पॉड फक्त प्रवासापुरते लागतात. पण प्रत्येक ये-जा म्हणजे दोन जादा हाताळण्या, आणि रोबोट बिघडला तर सगळे मास्क उघडे अडकतात. रोज वापरात असलेले मास्क पॉडसकट आणि महिनोन्महिने न लागणारे नुसते, अशी विभागणी आम्हाला सर्वांत योग्य वाटते.

स्टॉकरच्या आतली मांडणी एका तत्त्वावर उभी असते: जे घासतं ते मास्कच्या खाली आणि वाऱ्याच्या पुढे. छतातून गाळलेली हवा मास्कवरून जाते, नंतर रोबोटच्या सांध्यांवरून, आणि तळातून बाहेर. रोबोटचा पंजा मास्क फक्त कडांना धरतो. त्याची बोटं वीज सावकाश वाहून नेणाऱ्या कठीण प्लास्टिकची, आणि वंगण वाफ न सोडणारं. मास्क हातात असताना रोबोट संथ चालतो. रिकाम्या हातानं तो वेगात गेला तरी चालतं.

दालनात नायट्रोजन असेल तर माणसाच्या जिवाचा प्रश्न येतो आणि तिथे कुठलीही सवलत नको. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही, गुदमरल्याची जाणीवही तो होऊ देत नाही. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली गेला की अलार्म वाजलाच पाहिजे. देखभालीचं दार असं जोडलेलं हवं की आधी नायट्रोजन बंद होईल, ताजी हवा भरेल, सेन्सर सुरक्षित पातळी दाखवेल, आणि मगच कुलूप उघडेल. सेन्सर दोन असावेत. मोठ्या दालनात एक्ससीडीए वापरण्याकडे कल असतो तो याच कारणानं: ती कोरडी असली तरी श्वास घेण्याजोगी हवा आहे.

एका मास्कचा फेरा

आताचा इमर्शन स्कॅनर, म्हणजे भिंग आणि वेफर यांच्यात पाणी ठेवून छापणारा, तासाला पावणेतीनशे ते तीनशे वेफर करतो. २५ वेफरचा लॉट पाच-साडेपाच मिनिटांत संपतो. छोट्या ऑर्डरी घेणाऱ्या फॅबमध्ये दर काही मिनिटांनी मास्क बदलतो, आणि मास्क तीन मिनिटं उशिरा आला तर शेकडो कोटींचं यंत्र तेवढा वेळ रिकामं उभं राहतं. म्हणून फॅबचा मुख्य संगणक, ज्याला होस्ट म्हणतात, लॉट स्कॅनरपाशी पोहोचण्याआधीच स्टॉकरला मास्क मागतो. स्टॉकर आणि होस्ट यांच्या संभाषणाची भाषा सेमीच्या ई८८ मानकात आहे, आणि मास्क व पॉड यांच्या नोंदी कशा ठेवायच्या ते ई१०९ मध्ये.

रोबोट फळीवरून मास्क उचलतो आणि त्याच्या कडेचा बारकोड वाचतो. नोंदीतला क्रमांक आणि वाचलेला क्रमांक जुळला नाही तर तिथेच थांबायचं. हा नियम ओलांडण्याची सोय ऑपरेटरला देऊच नये. मग काचेच्या आणि पेलिकलच्या बाजूंवर प्रकाश टाकून कण पाहिले जातात. स्वच्छ निघाला तर मास्क पॉडमध्ये जातो, पॉडच्या चिपवर नोंद होते, पॉड बाहेरच्या फळीवर येतो. छताखालच्या रुळांवरून धावणारी ओएचटी गाडी वर येऊन थांबते. गाडी आणि स्टॉकर यांच्यात ई८४ मानकानुसार प्रकाशाच्या संकेतांनी ठरलेल्या क्रमानं बोलणं होतं: मी आलो, जागा मोकळी आहे, उचलतो, उचललं, झालं. एकही संकेत ठरलेल्या वेळात आला नाही, तर दोघंही जागीच थांबतात. हे थांबणं त्रासदायक वाटतं, पण पॉड अर्धवट धरून गाडी चालू लागण्यापेक्षा ते शंभरदा बरं. स्कॅनर मास्क आत घेण्याआधी बारकोड पुन्हा स्वतः वाचतो.

परतीच्या वाटेवर जास्त काळजी हवी. स्कॅनरमधून आलेला मास्क प्रकाश खाऊन आलेला असतो, म्हणून तो आल्याबरोबर पर्जवर जायला हवा. त्यानं एकूण किती वेफर छापले आणि मागची तपासणी होऊन किती दिवस झाले, हे दोन्ही आकडे स्टॉकरच्या नोंदीत असतात. मर्यादा गाठली की मास्क उत्पादनाला न देता तपासणी यंत्राकडे पाठवला जातो. फक्त दिवस मोजून चालत नाही, फक्त वेफर मोजूनही नाही, कारण हेझ प्रकाशानं वाढतो तसा वाट पाहण्यानंही वाढतो.

कुठे बिघडतं

पर्जची तोटी आणि पॉडचं भोक यांच्यातला रबरी वायसर कडक होतो किंवा पॉड अर्धा मिलिमीटर तिरका बसतो, आणि वायू पॉडमध्ये जाण्याऐवजी बाजूनं निसटतो. प्रवाह मोजणारं मीटर मात्र सगळं ठीक दाखवतं, कारण वायू वाहतो आहेच. म्हणून प्रवाहाच्या आकड्यावर विसंबू नये. आत आर्द्रता नोंदवणारं उपकरण बसवलेला एक पॉड ठेवावा आणि तो ठरावीक काळानं प्रत्येक फळीवर फिरवावा. जिथे माप खाली येत नाही, ती फळी बंद करावी.

रोबोटच्या बोटांवरच्या गाद्या झिजतात. झीज म्हणजे कण, आणि झीज म्हणजे जागाही थोडी सरकणं. मास्क फळीच्या कडेला घासून जाऊ लागला, तर एकाच फळीवरून येणाऱ्या मास्कांवर एकाच कोपऱ्यात कण दिसू लागतात. कण मोजून सोडून देऊ नका. कुठल्या फळीवरचा, कुठल्या कोपऱ्यातला, ते जोडून पाहा. बहुतेक वेळा दोष तिथूनच सापडतो.

पॉड धुऊन पुरेसे न वाळवता आणले, तर स्टॉकरमध्ये ओलावा आपणच घेऊन येतो. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालण्यासारखं आहे हे. वायू शोषून घेणारा रासायनिक फिल्टर संपला तरी हवेचा दाब बदलत नाही, त्यामुळे तो दाबावरून कळत नाही; अमोनिया आणि आम्लं यांचं मोजमाप वेगळं करावं लागतं. आणि एका उत्पादनाचे सगळे मास्क एकाच स्टॉकरमध्ये ठेवणं ही नियोजनाची चूक आहे. तो स्टॉकर बंद पडला की ते उत्पादन बंद.

भूकंपाच्या प्रदेशात फळ्यांना कड असते आणि धक्का जाणवताच रोबोट जागीच गोठतो. तैवानमध्ये २१ सप्टेंबर १९९९ च्या मोठ्या भूकंपानं सिंचूमधल्या फॅब थांबवल्या होत्या. ३ एप्रिल २०२४ च्या ह्वालिएनच्या भूकंपातही कामं थांबवून तपासण्या कराव्या लागल्या.

आरसा, निर्वात आणि दुहेरी डबा

१३.५ नॅनोमीटरचा ईयूव्ही, म्हणजे अतितीव्र अतिनील, प्रकाश काचेत, हवेत, कशातही शोषला जातो. म्हणून ईयूव्ही मास्क पारदर्शक नसतो, तो मॉलिब्डेनम आणि सिलिकॉन यांच्या सुमारे ४० जोड्यांचा आरसा असतो आणि स्कॅनरमध्ये निर्वातात तोंड खाली करून टांगलेला राहतो. पेलिकल मिळतो, पण तो थोडा प्रकाश खातो, म्हणून अनेक थर पेलिकलविना छापले जातात. तिथे एकही कण माफ नाही.

यासाठी सेमीच्या ई१५२ मानकातला दुहेरी पॉड आला: बाहेर प्लास्टिकचा, आत धातूचा. आतल्या डब्यात मास्क तोंड खाली करून कोपऱ्यांवर टेकतो आणि नक्षी व तळपत्रा यांच्यात अगदी अरुंद फट ठेवलेली असते, म्हणजे कणाला आत शिरायला वाटच अवघड. हा आतला डबा उघडतो तो स्कॅनरच्या निर्वातातच. बाहेरच्या हवेतून निर्वातात जाताना हवा हळूहळू उपसावी लागते. घाई केली तर खळबळीनं कण उठतात, आणि झपाट्यानं थंड झालेल्या हवेतली वाफ गोठून नवे कण तयार होतात. काही स्टॉकर बाहेरचा डबा काढून फक्त आतला डबा नायट्रोजनमध्ये ठेवतात. त्यानं प्लास्टिकमधल्या ओलाव्याचा प्रश्न बराच सुटतो.

ईयूव्हीत मास्कची पाठही तितकीच जपावी लागते. पाठ विद्युत-पकडीवर चिकटते. मध्ये कण अडकला की नक्षी तिथे फुगते. प्रकाश मास्कवर ६ अंश तिरका येतो, त्यामुळे १०० नॅनोमीटरच्या उंचवट्यानं वेफरवरची नक्षी अडीच नॅनोमीटरहून जास्त सरकते. पारदर्शक मास्कच्या पाठीवरच्या अशा लहान कणाकडे कुणी पाहतही नाही.

गुजरातमध्ये धोलेरा इथे टाटा इलेक्ट्रॉनिक्स तैवानच्या पीएसएमसीबरोबर महिन्याला ५०,००० वेफरच्या नियोजित क्षमतेची फॅब उभारत आहे. तिथल्या सर्वांत बारीक, २८ नॅनोमीटरच्या कामालाही ईयूव्ही लागत नाही, १९३ नॅनोमीटर पुरतो. म्हणजे तिथे मास्क सांभाळणाऱ्यांची रोजची लढाई हेझशी आणि स्थिर विद्युतेशी असेल, आणि बाहेर खंभातच्या आखाताची खारी, दमट हवा असेल.

वीज किंवा नायट्रोजन बराच वेळ गेला तर काय करायचं, हे आधीच लिहून ठेवलेलं हवं, कारण त्या क्षणी सगळ्यांना उत्पादन सुरू करण्याची घाई असते. दारं उघडायची नाहीत. आधी हवेचे पंखे आणि फिल्टर चालू करायचे, कणांची संख्या मर्यादेत आल्यावर पर्ज, आणि तोही हळूहळू वाढवत. मग रोबोटला सगळ्या फळ्या फिरवून प्रत्येक बारकोड नोंदीशी पडताळायचा. बंद काळ किती होता ते पाहून, आणि अलीकडे सर्वांत जास्त प्रकाश खाल्लेले मास्क आधी निवडून, तपासणीला पाठवायचे. ते स्वच्छ निघेपर्यंत बाकीचे रोखून ठेवायचे.